कोल्हापूरचा गूळ कुठल्या समुद्राला जायचा? मिरज, वास्को, वेंगुर्ले

नकाशात बघितलं तर कोल्हापूरपासून समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास, पण आपली रेल्वे स्टेशनातनं निघते ती समुद्राला पाठ करून पूर्वेला मिरजेकडं. पश्चिमेला जायला रूळच नाहीत, स्टेशनाच्या त्या टोकाला गाडी संपते. हे लहानपणापासून बघतोय त्यामुळं कधी प्रश्न पडला नव्हता. प्रश्न पाडला आमच्या मामांनी. मामा उभं आयुष्य शाहूपुरीत गुळाच्या अडतीत दिवाणजी होते, आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, आणि एकदा जेवताना सहज म्हणाले की "आमच्या टायमाला मुंबईला गूळ पाठवायचा तर पुण्यात वाघीण बदलायला लागायची, आणि गोव्याला मात्र इथं भरलेली वाघीण तशीच्या तशी बंदरात जाऊन उभी राहत्याली." वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. मुंबईला अडचण आणि गोव्याला सरळ, म्हणजे कसं काय? मग त्या मुरगाव बंदराच्या गावाला, वास्कोला, जाऊन यायचं ठरलं. जाताना रेल्वेनं, येताना घाटातनं एसटीनं, कारण रेल्वेच्या आधी आपला माल ज्या वाटेनं जायचा तीपण बघायची होती.

गुरुवार: कोल्हापूर, मिरज

गाडी रात्रीची मिरजेहून होती त्यामुळं दुपार मोकळी. मामांना घेऊन आधी शाहूपुरीत फिरलो. परीख पुलाखालनं पलीकडं गेलं की राजारामपुरी, अलीकडं शाहूपुरी, आणि मधी रूळ. पावसाळ्यात त्या पुलाखाली पाणी साठतं आणि अर्ध्या शहराची बोंब होते, ते एक असो.

कोल्हापूर स्टेट रेल्वेचं काम 1888 साली सुरू झालं, शाहू महाराजांच्या हातून, तेव्हा महाराज अजून 13-14 वर्षांचे, कारभार हातात आलेला नव्हता. 1891 मध्ये मिरज-कोल्हापूर लाईन सुरू झाली. लांबी जेमतेम 47-48 किलोमीटर, मालकी संस्थानाची, गाड्या चालवणार सदर्न मराठा रेल्वे कंपनी. म्हणजे एवढ्याशा फाट्यासाठी संस्थानानं पैसा घातला. पुढं 1894 ला महाराजांनी कारभार हातात घेतला आणि दुसऱ्याच वर्षी स्टेशनाला लागून नवी पेठ वसवली, तीच शाहूपुरी. जुनं कोल्हापूर म्हणजे अंबाबाईच्या देवळाभोवती गोल गोल फिरणाऱ्या गल्ल्या, आणि शाहूपुरी बघा, पहिली गल्ली दुसरी गल्ली तिसरी गल्ली, सगळ्या सरळ. कारण ती बैलगाडीला वळायला सोपी पडावी आणि माल स्टेशनावर जावा म्हणून आखलेली. देवळामुळं वाढलेलं गाव आणि स्टेशनमुळं वाढलेलं गाव यांतला फरक बघायचा असंल तर महाद्वार रोडवरनं चालत शाहूपुरीत या, अर्ध्या तासात समजतंय.

मामा एकेका बिल्डिंगसमोर थांबत होते. हितं अमुक अडत होती, हितं तोलाईचा काटा, हितं हमालांचा अड्डा. आता बऱ्याच ठिकाणी मोबाईलची दुकानं, लॉज, बँका. गुळाचे सौदे तिकडं मार्केट यार्डात गेले. तिथंपण रेल्वेचा छोटा हॉल्ट आहे आणि त्याचं नावच गूळ मार्केट. पदार्थाच्या नावाचं स्टेशन दुसरीकडं कुठं असेल तर मला सांगा. मामांच्या वेळी गुळाचा रवा, म्हणजे ढेप, चांगला तीस किलोचा असायचा, पोत्यात गुंडाळून हमाल पाठीवर टाकायचे, आणि पावसाळ्यात वाघिणीला ओल लागली की रवा पाझरायचा आणि पुढच्या स्टेशनावरच्या अडत्याचं कार्ड यायचं की माल पाणी सुटलेला आला, दर कमी धरलाय. आता सगळा गूळ ट्रकनं जातो, जास्त करून गुजरातला.

संध्याकाळच्या पॅसेंजरनं मिरजेला निघालो. हा रस्ता मी शंभरदा केलाय पण मामांबरोबर म्हणजे वेगळाच. वळिवडे आलं. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे पाचेक हजार निर्वासित, बहुतेक बायका आणि पोरं, 1943 पासून 1948 पर्यंत इथल्या कॅम्पमध्ये राहिले, आणि ते गेल्यावर फाळणीत आलेले सिंधी लोक तिथं आले, त्याचंच आजचं गांधीनगर, जिथं आपण लग्नाच्या कापडखरेदीला जातो. मग पंचगंगेवरचा पूल (2019 च्या महापुरात हा मार्ग बंद होता, तेव्हा समजलं की आपण या एका लाईनीला किती लटकलोय), रुकडी, हातकणंगले, आणि जयसिंगपूर. जयसिंगपूरपण महाराजांनीच वसवलं, 1917 च्या सुमारास, वडिलांच्या नावानं, तेपण रुळाच्या कडेला आणि तेपण सरळ गल्ल्यांचं. म्हणजे एकाच लाईनीवर एकाच माणसानं दोन पेठा उभ्या केल्या. दोन्ही चालल्या.

मिरज जंक्शनला गाडी यायला बराच वेळ होता. मामांनी प्लॅटफॉर्मवर चहा घेतला आणि तिथं माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं.

गोष्ट गेजची आहे. पुणे-मिरज-बेळगाव-लोंढा ही सगळी लाईन मीटरगेज होती, दोन रुळांत एक मीटर अंतर, आणि आपला कोल्हापूर फाटापण मीटरगेज. मुंबईहून पुण्यापर्यंत मात्र ब्रॉडगेज. त्यामुळं कोल्हापूरहून मुंबईला चाललेला प्रत्येक रवा, प्रत्येक पोतं पुण्यात एका वाघिणीतनं उतरून दुसरीत चढायचं. हमाली डबल, वेळ डबल, फूटतूट वेगळी. आणि लोंढ्यावरनं खाली गोव्यात उतरणारी लाईनपण मीटरगेजच, म्हणजे कोल्हापुरात दार बंद केलेली वाघीण मुरगाव बंदरावर उघडता येत होती. हे 1971 च्या आसपास उलटं झालं. पुणे-मिरज-कोल्हापूर ब्रॉडगेज झालं, मुंबई सरळ झाली, आणि मिरजेच्या पुढं लोंढा-गोवा मात्र नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेजच राहिलं. तेव्हा गोव्याला जाणारे मुंबईचे लोक पहाटे मिरजेला उतरायचे आणि समोरच्या छोट्या गाडीत जागा धरायला पळायचे, ज्यांनी पळापळ केलीय त्यांना आठवत असंल. मिरजेत तर तिन्ही गेज होते, ब्रॉड, मीटर, आणि बार्शी लाईट रेल्वेचं नॅरोगेज. तिन्ही एका गावात असल्यामुळं मिरजेत उतरवणं-चढवणं हाच मोठा धंदा होता, आणि आजपण मिरज गाव स्टेशनभोवतीच जागं असतंय. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी न्यायची वेळ आली तेव्हा ती पाण्याची ट्रेनपण मिरजेतनंच भरून गेली.

"आणि खाँसाहेब?" मामा म्हणाले. मामांना गाण्याचा नाद आहे, मिरजेला आलं की अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव निघणारच. खाँसाहेब मिरजेत राहिले, आणि 1937 साली दक्षिणेत प्रवासात तब्येत बिघडली म्हणून एका लहानशा स्टेशनावर उतरले आणि तिथंच प्लॅटफॉर्मवर गेले. मामांनी हे मला मिरजेच्या प्लॅटफॉर्मवर रात्री साडेअकराला सांगितलं, म्हटलं मामा जरा दुसरं काहीतरी बोला.

शुक्रवार: वास्को

घाट अंधारातच गेला. लोंढ्याला जाग आली, कॅसल रॉकला गाडी बराच वेळ उभी, मग इंजिनाचा आणि ब्रेकचा आवाज बदलला त्यावरनं समजलं की उतरायला लागलो. एकामागनं एक बोगदे, खिडकीत काही दिसत नाही, फक्त बोगद्यात शिरलं की आवाज जवळ येतो आणि बाहेर पडलं की लांब जातो. दूधसागर दिसला नाही, गार वारं मात्र आलं. आधी दिवसा दोनतीनदा बघितलाय त्यामुळं वाईट वाटलं नाही.

उजाडताना मडगाव मागं पडलेलं. माजोर्डा, कासावली, सांकवाळ, दाबोळी, आणि वास्को. स्टेशनातनं बाहेर आलं की लगेच गावच. रिक्षावाल्याला विचारायचीपण गरज नाही, पाच मिनिटात मार्केट, पाच मिनिटात लॉज. मामा रस्त्याच्या मधोमध उभे राहून डावीकडं उजवीकडं बघून म्हणाले, "अरं ही तर शाहूपुरी की!" आणि खरंच. स्वातंत्र्य पथ, एफ. एल. गोमीश रोड, आणि त्यांना काटकोनात कापणाऱ्या गल्ल्या, सगळं पट्टी लावून आखल्यासारखं. गोव्यातली जुनी गावं अशी नसतात, तिथं चर्च, वाडा, भाटं, वळणं. वास्को हे रेल्वे आणि बंदर आल्यावर आखलेलं गाव आहे, आणि तेपण साधारण शाहूपुरीच्याच पिढीतलं.

पहिल्या हॉटेलात पातळ भाजी आणि पाव खाल्ला, सोबत मिरची भजी. चांगलं होतं. मामांनी तिखट मागितलं, आलं ते खाऊन मामांनी परत तिखट मागितलं, मग वेटरनं नाद सोडला.

आता या गावाची गोष्ट सांगतो, कारण मला तीच सगळ्यात भारी वाटली. मुरगावचं बंदर नैसर्गिक आहे, झुआरीच्या मुखाशी, खोल पाणी. पोर्तुगीजांना त्याची किंमत आधीपासून माहीत होती. 1683 मध्ये संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी केली तेव्हा व्हाइसरॉयची अशी गाळण उडाली की त्यानं राजधानीच जुन्या गोव्यातनं उचलून मुरगावला न्यायचं ठरवलं, बांधकामंपण सुरू झाली, पण ते काही टिकलं नाही. पुढं दोनशे वर्षं मुरगाव तसंच पडून. किल्ला, थोडी वस्ती, बाकी काही नाही. चांगलं बंदर असून गाव का झालं नाही? कारण मागं सह्याद्री. माल यायचा कुठनं?

मग 1878 चा इंग्रज-पोर्तुगीज करार. इंग्रजांना दख्खनचा माल उतरवायला बंदर पाहिजे होतं, पोर्तुगीजांना पैसा पाहिजे होता. त्यात रेल्वे ठरली, आणि सोबत असंपण ठरलं की गोव्यातल्या मिठाचा मक्ता इंग्रजांकडं आणि त्याबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये. म्हणजे एका बाजूला रूळ आले आणि दुसऱ्या बाजूला गोव्याच्या मिठागरवाल्यांचं कंबरडं मोडलं. लोक एवढे वैतागले की 1892 मध्ये मुदत संपल्यावर करार पुढं चालवलाच नाही. पण रूळ तोवर पडलेले. वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे, कंपनी लंडनची, व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची. 1887 च्या जानेवारीत मुरगाव ते सावर्डे सुरू, 1888 ला घाटासकट कॅसल रॉकपर्यंत. गोव्यातली लांबी साधारण 82 किलोमीटर.

तारखा बघा. मुरगावला गाडी 1888 ला वर चढली आणि कोल्हापूरच्या लाईनीचं काम 1888 लाच सुरू झालं. तीन वर्षात दोन्ही टोकं एकाच मीटरगेजवर जोडलेली. आपल्याला शाळेत शाहू महाराजांची रेल्वे म्हणून एक वाक्य शिकवतात, पण ती रेल्वे एका मोठ्या जाळ्याचा फाटा होती आणि त्या जाळ्याला समुद्राकडचं दार हितं होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

पण खरं सांगायचं तर हे दार कागदावर जेवढं मोठं वाटतंय तेवढं चाललं नाही. माल जास्त करून पुण्यावरनं मुंबईलाच ओढला जायचा, गेज बदलायची कटकट सोसूनपण, कारण व्यापारी मुंबईत, दलाल मुंबईत, विलायतेच्या बोटी मुंबईत. मामापण म्हणाले की गोव्याकडं वाघीण कधीमधी, मुंबईकडं रोज. सोय रुळानं होते, पण भाव जिथं मिळतो तिथं माल जातो. 1902 मध्ये पोर्तुगीज कंपनीनं लाईन चालवायचं काम सदर्न मराठाकडंच देऊन टाकलं, आणि हमीचं व्याज भरायचं पोर्तुगीज सरकारच्या गळ्यात राहिलं.

तरी गाव मात्र झालं. बंदरावर काम, रेल्वेत काम, मग किराणावाले, सोनार, न्हावी, हॉटेलवाले, सगळे आसपासच्या गावांतनं आणि घाटावरनं आले. संध्याकाळी दामोदराच्या देवळात गेलो तिथं या माणसांची खूण सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गावात साथ आली, तेव्हा लोकांनी जांबावलीच्या दामोदराला साकडं घातलं, तिथनं आणलेला नारळ हितं ठेवून अखंड भजन केलं, आणि तेव्हापासून दरवर्षी श्रावणात वास्कोचा सप्ताह होतो, चोवीस तास भजन आणि रात्री पार, म्हणजे मिरवणुका, निघतात. हे पार धंद्याधंद्याचे, एकेका समाजाचे. म्हणजे गावाला पाटील-कुळकर्णी नव्हते, मानकरी नव्हते, बाजारपेठेनं स्वतःचा उत्सव स्वतः उभा केला. आम्ही गेलो तेव्हा सप्ताह नव्हता पण पुजारीकाकांनी सगळं निवांत सांगितलं, मराठी ऐकून तर आणखी खुलले.

शनिवार: कुळे आणि सडा

सकाळी वास्को-कुळे पॅसेंजर पकडली. तिकीट अगदीच किरकोळ, गर्दी कमी, खिडकी मिळाली. कुडचडे-सावर्डेपर्यंत भातखाचरं, माड, मधी मधी चर्चचे पांढरे मनोरे, आणि त्यानंतर एकदम जंगल जवळ येतं. वाटेत चांदर लागतं. 2020 च्या नोव्हेंबरात दुपदरीकरणाच्या विरोधात लोक रात्री इथं रुळावर येऊन बसले होते. लोकांचं म्हणणं सरळ आहे, दुसरा रूळ आमच्यासाठी नाही, कोळशासाठी आहे. बंदरात परदेशी कोळसा उतरतो आणि या लाईनीनं घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांना जातो. आमच्या समोरनंच एक गाडी गेली, मामांनी वाघिणी मोजायला घेतल्या आणि मधीच कंटाळून सोडून दिल्या. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं कॅसल रॉक-कुळे पट्ट्यातल्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.

कुळे म्हणजे घाटाचा पायथा. इथं खरी रेल्वे बघायला मिळते. घाटाला चढ साधारण 40 ला 1, त्यामुळं जड गाडीला मागनं ढकलायला जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. ती लावायची, ब्रेक तपासायचे, मग गाडी सुटणार. वर सोनावळी, दूधसागर, कारंझोळ आणि कॅसल रॉक, चार स्टेशनं आणि त्यातल्या मधल्यांना गाव असं काही नाहीच, फक्त रेल्वेची माणसं. प्लॅटफॉर्मवर एक रेल्वेवाले भेटले, सोलापूरचे, आम्ही कोल्हापूरचे म्हटल्यावर पहिला प्रश्न "तांबडा-पांढरा घेऊन आलाय का?" पावसाळ्यात घाटात रात्री रुळावरनं चालत जाऊन दरड बघायची ड्युटी असते, हातात बॅटरी, अंगावर रेनकोट आणि जळवा, असं सांगत होते. आम्ही रात्री त्याच घाटातनं झोपत आलो होतो.

मुक्तीपूर्वी कुळे हे सरहद्दीचं स्टेशन, इकडं पोर्तुगीज कस्टम आणि वर कॅसल रॉकला इंग्रजांचं, नंतर भारताचं. मुंबईत नोकरी करणारे गोव्याचे खलाशी, आचारी, बँडवाले सगळे याच गाडीनं मे महिन्यात गावी यायचे आणि दोन्हीकडं पेट्या उघडून दाखवायच्या. 1955 साली भारतानं नाकेबंदी केली आणि गाडी बंद पडली. त्या वर्षीच्या 15 ऑगस्टच्या सत्याग्रहात काही तुकड्या कॅसल रॉकच्या बाजूनं रुळांवरनंच गोव्यात शिरल्या आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. महाराष्ट्रातनं किती माणसं गेली होती तेव्हा. आणि गंमत म्हणा किंवा काही म्हणा, नाकेबंदीच्या त्या दिवसांतच पोर्तुगीजांनी दाबोळीचा विमानतळ उभा केला, त्याच 1955 ला. म्हणजे आज आपण ज्या विमानतळावर उतरतो तो रूळ तुटले त्याच वर्षीचा आहे. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि मग गाडी परत सुरू झाली.

दुपारी परत येऊन सड्यावर गेलो, मुरगाव हेडलँड. बंदरात आत सोडत नाहीत पण वरनं सगळं दिसतं, बोटी, क्रेन, कोळशाचे ढीग, आणि त्यांच्या कडेनं गेलेले रूळ. पूर्वी पॅसेंजर गाडीपण थेट बंदरापर्यंत जायची, आता वास्कोलाच थांबते आणि पुढं फक्त माल. इथनं ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी आफ्रिकेला जायच्या, मोंबासाला. म्हणजे घाटावरनं गाडीनं आलेला माणूस उतरून समोर बोटीत बसू शकत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर लोहखनिजाची निर्यात वाढली तेव्हा बंदराचे दिवस खरे पालटले, पण त्यात मोठा वाटा बार्जेसचा, म्हणजे नदीतल्या सपाट मालबोटींचा होता, खनिज मांडवी-झुआरीतनं बार्जनं यायचं. ज्यासाठी रूळ टाकले तो दख्खनचा कापूस-गूळ-धान्य राहिलं बाजूला आणि दगड-माती-कोळशावर बंदर जगलं. खाली बायण्याकडं एका घरात पाणी मागितलं तर आजींनी खिडकीच्या कट्ट्यावरनं बोट फिरवून दाखवलं, काळं. रोज पुसते म्हणाल्या. बंदर नको असं त्या म्हणत नव्हत्या, मुलगा बंदरातच कामाला होता.

वास्कोत मला एक गोष्ट खटकली ती ही की गाव आणि पाणी यांच्या मधी रूळ आणि बंदराची भिंत. समुद्राकाठचं गाव असून बाजारात फिरताना समुद्र दिसतच नाही. मासे दिसतात.

रविवार: वेंगुर्ले, आंबोली, घर

मडगावहून कोकण रेल्वेनं सावंतवाडी रोड, तिथनं वेंगुर्ले. मामा म्हणाले हे कशाला मधी? म्हटलं हेच तर बघायचंय.

रेल्वेच्या आधी घाटावरचा माल समुद्राला कसा जायचा? बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांनी, घाट उतरून. आपल्या कोल्हापूरचा राजापूर, खारेपाटण, मालवणला, आणि बेळगावकडचा रामघाटानं, नंतर आंबोलीच्या रस्त्यानं वेंगुर्ल्याला. इंग्रजांच्या बेळगावच्या छावणीचं सामानपण वेंगुर्ल्यालाच उतरायचं, आंबोलीचा रस्ता त्यासाठीच चांगला केला. डचांची वखार इथं 1637 पासून, म्हणजे वास्को गाव म्हणून कुणाच्या स्वप्नातपण नव्हतं तेव्हा वेंगुर्ल्याला परदेशी व्यापारी हिशेब लिहीत बसले होते. आणि मग 1888 ला लोंढ्यावरनं गाडी मुरगावला उतरली, बेळगाव रेल्वेवर आलं, आणि वेंगुर्ल्याचा घाटमाथ्याचा व्यापार ओसरला. मुंबईच्या बोटी पुढं बरीच वर्षं लागत राहिल्या, माणसं आणि आंबे नेत राहिल्या, पण बैलगाड्यांच्या रांगा गेल्या त्या गेल्याच.

डच वखारीच्या पडक्या भिंती बघितल्या, झाडांनी धरून ठेवल्यात. मग बंदराच्या धक्क्यावर. धक्क्यावर मासेमारीच्या होड्या, जाळी विणणारे दोघेतिघे, वर दीपगृह. पाणी स्वच्छ, वाळू स्वच्छ, गाव तर विचारूच नका, कचरा वेगवेगळा करायची शिस्त इथल्या नगरपरिषदेनं अशी लावलीय की बाहेरचे लोक बघायला येतात. क्रॉफर्ड मार्केटची जुनी बिल्डिंग आहे, तिच्यात भाजी आणि मासे. मामांना वेंगुर्ले फार आवडलं, वास्कोपेक्षा कितीतरी जास्त, आणि मलापण. पण त्या धक्क्यावर मामांनी जे विचारलं ते महत्त्वाचं. "हितल्या पोरांना काम काय?" काजू आहे, आंबा आहे, मासे आहेत, थोडं टुरिझम, बाकी मुंबई-गोवा. वास्कोच्या आजींच्या खिडकीत काळं होतं पण मुलगा घरात होता. वेंगुर्ल्याच्या खिडक्या स्वच्छ आणि बऱ्याच घरांना कुलूप. कुठलं बरं म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, माझं काय ठरलं नाही.

जेवायला सुरमईची कढी, सोलकढी, तांदळाची भाकरी. याबद्दल वेगळं लिहायला पाहिजे पण मामा एसटीची वेळ झाली म्हणून मागं लागलेले.

सावंतवाडीतनं आंबोलीचा घाट. वळणं चढताना समजतं की बैलांनी हे कसं ओढलं असंल, आणि हेपण समजतं की एकदा रूळ आल्यावर इथनं कुणी का येईल. वर आंबोलीला धुकं आणि गरम भजी, मग आजऱ्याकडं उतार, उसाचे पट्टे सुरू झाले आणि मामांचा मूड परत गुळावर आला.

गाडीत कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेचा विषय निघाला, तो कोल्हापुरात कुठल्यापण गाडीत निघतोच. 2016 च्या बजेटमध्ये नाव आलं, साधारण 107 किलोमीटर, घाट फोडून कोकण रेल्वेला जोडायची, म्हणजे स्टेशनाचं ते बंद टोक उघडायचं. तेव्हापासून आपण वाट बघतोय. मागच्या सीटवरचे गृहस्थ सांगत होते की ती झाली की जयगड, विजयदुर्ग सगळी बंदरं कोल्हापूरला जोडली जाणार, माल सरळ समुद्राला. मी म्हटलं मुरगावलापण सगळे हेच म्हणत होते आणि माल मुंबईलाच जात राहिला, रूळ टाकायच्या आधी तिकडं माल घेणारा कोण बसलाय ते बघायला पाहिजे. त्यांना ते पटलं नाही. एसटीत हे पटायचंपण नसतं.

मामा बराच वेळ गप्प ऐकत होते. मग त्यांनी हिशेब सुरू केला, अडतीतल्यासारखा, बोटांवर. गूळ ट्रकवाला दारातनं उचलतो आणि गुजरातच्या दारात टाकतो, रेल्वेला दोनदा हमाली, त्यामुळं गूळ काय परत वाघिणीत बसत नाही. साखर बसेल, कारखान्याचा माल एकरकमी असतोय. इचलकरंजीचं कापड बसेल कदाचित. फौंड्रीचं कास्टिंग जड असतंय, ते नक्की बसेल. आणि तिकडनं येताना रिकामी यायला नको, तर काय आणायचं? मासे, आंबा, चिरा. "वाळू बी येईल," मागच्या गृहस्थांनी भर घातली. "वाळू नको," मामा म्हणाले, "लोकं वाळूवरनं भांडत्याती."

कागल आलं तोवर त्यांचं वैभववाडी स्टेशनात गुदाम कुठल्या बाजूला पाहिजे यावर येऊन ठेपलं होतं.